बोटीवरची आतली खोली

मला जगात कुणाचाही हेवा वाटत नाही. साडू जगात मोजायचा नसतो.

माझे साडू गजाननराव नागपूरच्या बेसा भागात राहतात आणि प्लॉट विकतात. माझ्या बायकोच्या, म्हणजे शालूच्या मोठ्या बहिणीचे, मंदाताईंचे ते यजमान. बारावीला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा बसूनच राहिले. मी बी.कॉम. आहे. नंदनवनच्या आमच्या गल्लीत विणकरांची जेवढी घरं आहेत, त्यांत पहिला पदवीधर मी. बाबांनी माझ्या पदवीची फ्रेम हातमागासमोरच्या भिंतीवर, गणपतीच्या बरोबर वर लावली होती. येणारे पाहुणे हात जोडत, ते नेमके कुणाला हे कळत नसे. (मी मान हलवून नमस्कार स्वीकारत असे.)

इतकं असूनही नात्यातली पहिली चारचाकी गजाननरावांची, पहिला एसी गजाननरावांचा, पहिलं विमानसुद्धा त्यांचंच (म्हणजे तिकीट). मी सहा महिन्यांनी, हप्ते बांधून, तीच वस्तू घरी आणायचो आणि सासरचे लोक म्हणायचे, "अरे वा, गजाननरावासारखी घेतली!"

मागच्या उन्हाळ्यात ते दोघं गोव्याला गेले आणि सासरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. पांढरा कठडा, मागे पाणी, कठड्याला रेलून गजाननराव. डोळ्यांवर गॉगल. डोक्यावर जे अकरा केस शिल्लक आहेत, ते सगळे एका दिशेने उडताहेत. खाली एकच शब्द: क्रूझ. सासूबाईंनी हात जोडल्याची सात चित्रं टाकली. माझ्या बढतीला त्यांनी एक अंगठा टाकला होता.

मी पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक आहे. एकवीस वर्षं पाण्याच्या फायली मी हलवल्या आणि पाण्यावर तरंगला कोण, तर बारावी नापास. त्या आठवड्यात मला वरणातसुद्धा लाटा दिसत होत्या.

वर्षभर कळ सोसली. मग यंदा एप्रिलमध्ये एका रविवारी शालूला म्हणालो, "आपण बोटीनं जायचं."

"कुठं?"

"बोटीतच. मुंबईहून बसायचं, तीन रात्री समुद्रात राह्याचं आणि मुंबईले उतरायचं."

"मुंबईहून मुंबईले? त्याले बोट कायले पाह्यजे?"

मी तिला समजावलं की इथे पोचण्याला महत्त्व नसतं. तिला ते पटलं नाही, पण मंदाताईचं नाव काढल्याबरोबर पटलं. बहिणी कितीही जिव्हाळ्याच्या असल्या तरी फोटो तिनंही पाहिला होता. माझा हिशेब सरळ होता. गजाननरावांचे फोटो एका संध्याकाळचे होते. आमचे तीन रात्रींचे येणार होते. आयुष्यात एकदा तरी मला त्या माणसाच्या बरोबरीला नाही, पुढे जायचं होतं.

सक्करदऱ्याच्या एका ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो. काउंटरवर आमच्या मुलीच्या वयाची एक पोरगी होती.

"सर, रूम कोणती देऊ? इनसाइड का बाल्कनी?"

"फरक काय?"

"इनसाइड म्हणजे आतली. बोटीच्या मधोमध. तिला खिडकी नसते. बाल्कनीवाली बाहेरच्या बाजूला असते, समोर समुद्र."

"बाहेरच्या खोलीत ऊन येते का?"

"येतं न सर. दुपारी तर पूर्ण."

आता बघा. बाहेर पारा पंचेचाळीसच्या घरात. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून मी त्या दुकानात शिरलेला. अशा माणसाला ही पोरगी विचारत होती की तुला उन्हाची खोली हवी की सावलीची! आम्ही भाड्याने घर पाहायला गेलो तर नळाच्या आधी पश्चिमेची भिंत पाहतो. शिवाय मी विणकराच्या घरातला. आमच्याकडे बाहेरची खोली मागाची. तिथे धोट्याचा खडखडाट, सुताचा कचरा, येणारे-जाणारे. आतली खोली माणसांची. जावई आला की आतल्या खोलीत, बाळंतीण आतल्या खोलीत, लग्नाचं लुगडं आतल्या खोलीत. बाहेर झोपतो तो माग दुरुस्त करायला आलेला माणूस.

"आतली द्या," मी म्हणालो. "मस्त अंधार पाह्यजे."

"सर, एकदा विचार करा. बरेच लोक नंतर म्हणतात की..."

"मॅडम, मी ग्रॅज्युएट आहे."

तिनं माऊस दाबला. आतली खोली बाहेरच्यापेक्षा बरीच स्वस्त होती. तिथेच मला संशय यायला हवा होता. पण मी म्हटलं, समुद्राकाठच्या लोकांना उन्हाचं काय कळतं?

बुकिंग झालं. पण गजाननरावांना सांगितल्याशिवाय त्या बुकिंगला चव नव्हती. त्याच संध्याकाळी संत्रा बर्फीचा डबा घेऊन आम्ही दोघं बेसाला गेलो.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण माझा घात तिनंच केला. कुणी जेवत असताना दारात माणूस आला, तर जेवणाऱ्यानं "या जेवाले" म्हणायचं आणि आलेल्यानं "होऊ द्या" म्हणायचं. ताटात अर्धीच भाकर असली तरी "या" म्हणायचं, आणि पोटात आग पडली असली तरी "होऊ द्या" म्हणायचं. या दोन वाक्यांवर विदर्भ उभा आहे.

गजाननराव झोपाळ्यावर होते. "कायची बर्फी गा, साडूभाऊ? पुन्हा बढती?"

"नाही, असंच. आमी जरा बोटीनं जाऊन राह्यलो. तीन रात्री."

झोपाळा थांबला. त्या कड्यांचा कुरकुर आवाज बंद झाला, त्या एका क्षणासाठी मी वर्षभर जगलो होतो.

"तीन रात्री?"

"अकरा मजली बोट आहे म्हणते. वरती पोहण्याचा टाका. पण तुमाले काय सांगाचं, तुमी तर जाऊन आले."

"हाव न," गजाननराव म्हणाले. पण माझ्याकडे पाहून नाही, मंदाताईंकडे पाहून. मंदाताई बर्फीकडे पाहत होत्या.

इथे मी उठायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला उदार व्हायची खाज सुटते. मी म्हणालो, "या न मंग तुमी बी."

आणि "होऊ द्या"ची वाट पाहू लागलो.

गजाननरावांनी बर्फीचा एक तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. गिळला. वरून पाणी प्यायले.

"चाला," ते म्हणाले.

परतताना स्कूटरवर मागून शालूचा आवाज आला, "काहून बोलावलं त्याइले?"

"बोलावलं नाही वं. नुसतं म्हटलं."

"मंग त्याहीनं बी नुसतं म्हटलं असन."

दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत गजाननराव त्याच दुकानातून पैसे भरून बाहेर पडले होते. मी कपाळाला हात लावला. पण थांबा, लगेच कळलं की आतल्या खोल्या संपल्या होत्या. त्यांना बाल्कनीवाली घ्यावी लागली! उन्हाची, महाग, बाहेरची!

मी फोन करून त्यांचं सांत्वन केलं. "जाऊ द्या, भेटली ते भेटली. दुपट्टा ठेवजा सोबत. पडद्याले पाणी मारत राह्याचं."

"हाव," ते उसासा टाकून म्हणाले. "तुमी पहिले पोचले न, साडूभाऊ."

पहिले! ते वाक्य मी शालूला तीनदा सांगितलं. आईला एकदाच सांगितलं, तिनं बाकीचं काम केलं. दुपारी नळावर माझ्या कानावर आलं, "माह्या पोराले आतली खोली देली. त्याच्या साडूले बाहेर टाकलं."

तयारीलाही मी मागे राहिलो नाही. बोटवाल्यांनी चाळीस पानांच्या सूचना पाठवल्या होत्या. मी त्या छापून आणल्या, महत्त्वाच्या ओळींवर पिवळी खूण केली आणि सवयीनं प्रत्येक पानाच्या खाली सही केली. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. इस्त्री आणू नये. पहिल्या संध्याकाळी स्वागताचं जेवण, त्याला सुटाबुटात यावं, पान एकोणीस. सगळं पाठ झालं. तरी अनुभव तो अनुभव, आणि अनुभवी माणूस नात्यात एकच. त्याला विचारायला माझी जीभ वळेना. म्हणून शालूनं मंदाताईंना फोन लावला आणि मी बाजूला कागद-पेन घेऊन बसलो.

"ताई, भाऊजीले विचार न, कपडे किती न्याचे?"

मागून गजाननरावांचा आवाज आला, "कपडे कायले? अंगावरचे पुरते."

"तीन दिवस?"

मागे झोपाळ्याची कुरकुर थांबली. मग, "एखादा जास्तीचा ठेवा."

"अन् बाथरूमचं कसं राह्यते?"

"घरूनच जाऊन निघावं. लाइन राह्यते."

"जेवाचं?"

"वेफर देते."

"अन् झोपाचं?"

"झोपू कोण देते वं? गाणे चालू राह्यते. सगळ्याइले नाचवते."

मी खूण करून फोन बंद करायला लावला. "पाह्यलं? मुद्दाम सांगत नाही. जळून राह्यला माणूस." आणि कागदावर लिहिलं, "साडू: मत्सर." दुसऱ्याचा मत्सर मला लांबून ओळखू येतो. (स्वतःचा अजून यायचा आहे.)

ठरल्या दिवशी चौघे मुंबईला पोचलो, भर दुपारी धक्क्यावर गेलो. बोट पाहून माझी मान मागे गेली ती खाली येईना. अख्खं सक्करदरा उभं करून पांढरं रंगवावं, तशी ती उभी होती. सोपस्कार झाले, आत गेलो. मी मोठ्या मनानं म्हणालो, "पहिले तुमची खोली पाहू, गजाननराव." माणसानं पडक्या घराची पाहणी आधी करावी.

त्यांनी दार उघडलं.

समोर भिंत नव्हती. काच होती, आणि काचेपलीकडे समुद्र होता. सगळा. खोलीत एसी गारेगार. काच सरकवली तर वारा असा आला की गजाननरावांचे अकराच्या अकरा केस उठून उभे राहिले. ऊन होतं. पण ते आमच्या नागपूरचं ऊन नव्हतं. पाण्यात भिजवून, पिळून वाळत घातलेलं ऊन होतं. बाल्कनीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर मंदाताई बसल्या. दुसरीवर शालू बसली.



"चाल, आता आपली पाहू," मी शालूला म्हणालो.

"तुमी पाहून या," ती मागे न वळता म्हणाली.

मी आणि गजाननराव निघालो. तो बोळ संपता संपेना. खोली सापडली. आत दोन पलंग, त्यांच्यामध्ये वीतभर जागा. चारही बाजूंनी भिंती. एका भिंतीवर फ्रेम. फ्रेममध्ये समुद्र. मी दिवा बंद करून पाहिला, तर माझा हात मला दिसेना. मस्त अंधार पाह्यजे, असं मीच म्हणालो होतो. तक्रारीला जागा नव्हती. (जागा तशीही नव्हती.)

"थंड आहे," गजाननराव अंधारातून म्हणाले. माणूस भला आहे.

आम्ही परत बाल्कनीकडे आलो, तर दारात मंदाताई. "आमी दोघी बहिणी इथंच राहतो. लग्न झालं तवापासून एका खोलीत झोपलो नाही. तुमी दोघं तिकडं जा."

"पण शालू..."

आतून शालूचा आवाज आला, "तुमच्याकडं जावयाले आतलीच खोली देतात न? दोघं बी जावई आहा. जा."

तर अशा रीतीनं, ज्या माणसाच्या पुढे जाण्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला, त्याच्या शेजारी, एक वीत अंतरावर, मी दुपारचा आडवा झालो. बोट सुटली असावी. पलंग थोडा हलला. गजाननरावांनी मोज्यातून चिवड्याची पुडी काढली. (पान सात, पिवळी खूण.) मीही खाल्ला.

"साडूभाऊ, झोपले का?"

"नाही."

"ते मागच्या वर्षीचं..."

"काय मागच्या वर्षीचं?"

"दोन घंट्याचं होतं."

"काय दोन घंट्याचं?"

"क्रूझ. नदीतली बोट गा. सहाले चढवते, आठले उतरवते. गाणे लावते, वेफर देते. मी एक फोटो काढला न टाकून देला. आपल्या सासूबाईनं सात डाव हात जोडले. मंग कोणत्या तोंडानं सांगू?"

मी अंधारात पडून राहिलो. वर्षभर मी दोन तासांच्या बोटीवर जळत होतो! खात्याच्या पाहणीला पेंच धरणात मी याहून जास्त वेळ बोटीत बसलो होतो, आणि त्याचा फोटोही काढला नव्हता.

"मंग 'चाला' काहून म्हटलं?"

"तुमी अकरा मजले म्हणले न. पोटात दुखलं." चिवडा चावल्याचा आवाज आला. "तसं तर ते रोजचंच आहे. तुमच्या घरी ते फ्रेम दिसली का मले अजून बी कसंतरी होते. गाडी काय, कोणी बी घेते. ते फ्रेम कुठून आणू?"

वीस वर्षांत कुणी माझ्याशी इतकं गोड बोललं नव्हतं. मला एवढं बरं वाटलं की मी तत्काळ झोपलो.

जाग आली तेव्हा मिट्ट काळोख. मोबाइल पाहिला. सात वाजून दहा मिनिटं.

"गजाननराव, उठा! सात वाजले. नाश्ता बंद होईन."

"एवढे झोपलो?"

"अंधारच तसा आहे."

धावपळ उडाली. आधी मी आंघोळ केली, मग त्यांनी. दोघांनी दात घासले. गजाननरावांना आंघोळीनंतर सूर्याला नमस्कार करायची सवय. खोलीत सूर्य कुठला? त्यांनी फ्रेममधल्या समुद्राकडे तोंड करून हात जोडले. मी दोघांच्या कपाळी गंध लावलं. सकाळच्या मोकळ्या हवेचे म्हणून आम्ही हाफपँट आणि बनियनवर फुलाफुलांचे शर्ट घातले आणि जेवणघराच्या दारात उभ्या असलेल्या पोऱ्याला म्हणालो, "गुड मॉर्निंग. पोहा है क्या?"

त्यानं आमच्याकडे पाहिलं. त्याच्या मागे सगळ्या जेवणघरानं पाहिलं. कोट, टाय, रेशमी साड्या, टेबलांवर मेणबत्त्या. आणि समोरच्या काचेतून, लाल होऊन बुडालेल्या सूर्याची शेवटची रेघ.

पान एकोणीस. खाली माझी सही.

मधल्या टेबलावर शालू आणि मंदाताई बसल्या होत्या. शालूनं बाबांनी विणलेली रेशीमकाठी साडी नेसली होती आणि शेजारची एक बाई तो काठ बोटांनी चाचपून पाहत होती. "मेरे ससुरजी ने बनायी है," शालू ताठ मानेनं सांगत होती. तेवढ्यात त्या बाईचं लक्ष दाराकडे गेलं. "ये लोग आपके साथ हैं?"

शालूनं मला पायापासून गंधापर्यंत पाहिलं.

"नहीं जी," ती म्हणाली. "नागपूर के लगते हैं."

त्या सहलीचे त्रेचाळीस फोटो ग्रुपवर गेले. सगळे बाल्कनीतले, सगळे दोघी बहिणींचे. एकात कोपऱ्यात कुणाचं तरी कोपर आहे. ते माझं की गजाननरावांचं यावर आमचं एकमत नाही. सासूबाईंनी इतके हात जोडले की मोजता आले नाहीत. खोलीचं आम्ही कुणाला बोललो नाही आणि नदीतल्या बोटीचंही नाही. वाटलं, चला, संपलं. आता कशाचा हेवा?

दिवाळीत गजाननरावांचा फोन आला. "साडूभाऊ, आमी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जाऊन राह्यलो. पाच रात्री. सतरा मजली."

पोटात दुखलं. ओळखीचंच होतं.

"या न मंग तुमी बी," ते म्हणाले आणि थांबले. ते कशासाठी थांबले होते, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

"चाला," मी म्हणालो.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर उभा. "मॅडम, बाल्कनी. जास्तीत जास्त ऊन येईल अशी."

"सर, बाल्कनीवाल्या संपल्या. शेवटची परवा बेसाच्या सरांनी घेतली. आता आतलीच आहे."

मी प्रत्येक पानावर सही केली. घरी आलो, तर शालूनं मंदाताईच्या खोलीत न्यायच्या साड्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. मी माझी बॅग काढली आणि तिच्यात सगळ्यात आधी एक घड्याळ टाकलं. चोवीस तासांचं.